आत्याची मरतुकडी रेतफुली

वनस्पती संग्रहालयात आत्याचं कपाट उघडलं की लोकांना हसू आवरत नसे. वाळवून कागदावर चिकटवलेली रोपं तिथे हजारोंनी होती, पण आत्याने वाळवंटातून आणलेली रेतफुलीची रोपं म्हणजे एकेक नमुना! कुणाची पानं किड्यांनी कुरतडलेली, कुणाला जेमतेम एक फूल, तेही वाकडं. बाकीच्यांनी त्याच वाळवंटातून काय देखणी, फुलांनी लगडलेली रोपं आणली होती!

रोपं चिकटवायचं काम आत्याच्या भाचीकडे होतं. बिचारी मान खाली घालून डिंक लावायची.

"आत्या, एखादं तरी धड आणायचंस गं!"

"धड हवं तर बागेत जा," आत्या फटकन म्हणायची. एवढी शिकलेली, उभी हयात वाळवंटात घातलेली बाई, पण जिभेला हाड म्हणून नाही.

आता संग्रहालयात जागा उरली नाही. साहेबांनी फर्मान काढलं की निकामी नमुने रद्दीत घालायचे, आणि सुरुवात आत्याच्या कपाटापासून. साहेब आत्याचेच विद्यार्थी, म्हणून जास्तच कडक. भाची साहेबांकडे धावली. आत्याची सगळी कमाई ती, दुसरं होतं काय तिच्याकडे?

"साहेब, यंदा पाऊस झालाय, रेतफुली फुलली असेल," ती धीर करून म्हणाली. "आत्याच्याच जागेवरून चांगली रोपं मिळाली, तर जुनी टाका. तोवर थांबा."

साहेब कसेबसे कबूल झाले. निघायच्या दिवशी बघतात तर आत्या आधीच गाडीत बसलेली.

वाटेत बाकीच्यांच्या देखण्या रोपांच्या जागा लागत होत्या. प्रत्येक कागदावर ठिकाण लिहिलेलं असतंच, म्हणून साहेबांनी तिथेही गाडी थांबवायला लावली. पहिल्या जागी नुसती वाळू. दुसरीकडे तेच. तिसरीकडे तर औषधालासुद्धा रेतफुली नाही. पाऊस सगळीकडे पडला होता, ओल अजून हाताला लागत होती.

शेवटी आत्याच्या कागदांवर लिहिलेला टेकडीचा उतार आला आणि भाचीच्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं. टेकडीच्या पायथ्यापासून नजर जाईल तिथवर रेतफुली. पाय ठेवायला जागा नव्हती.

"हे कसं काय, बाई?" साहेबांनी हळूच विचारलं.

"कसं काय म्हणजे? हे झाड पावसाला उगवतं, बी टाकतं आणि मरतं. तुम्ही हुशार मंडळी जिथे जाल तिथलं सगळ्यात जोमाचं तेवढं उपटणार, वर दहा संस्थांना वाटायला आणखी दहा. मग बी कुणी टाकायचं, तुमच्या आजोबांनी? मी आपली मरायला टेकलेली तेवढी उचलत आले."

भाचीला भरून आलं. केवढी बाई ही, आणि आपण हिची लाज बाळगली!

"लोक तोंडावर हसत होते, आत्या. एकदा तरी सांगायचंस!"

"सांगितलं असतं तर तुमचे हे संग्राहक दुसऱ्या दिवशी इथे हजर झाले असते. जागा तर मी प्रत्येक कागदावर खरी लिहिली आहे, कुणीही वाचावी. पण असली मरतुकडी बघून इकडे कोण फिरकणार? हसले आणि घरी बसले. हसू देत!"

साहेबांनी हातातली खुरपी पिशवीत परत टाकली.

"बाई, तुमच्या कपाटाला कुणी हात लावणार नाही."

"कपाट गेलं चुलीत," आत्या म्हणाली. "आधी तो पाय उचल, रोपावर उभा आहेस."