पासष्ट इंची फ्रायगाबे

"अरू, ती वाटी उचल तिथून! वाफेनं रीडिंग बिघडतंय."

मी वाटी उचलली. फायरप्लेसच्या वरच्या फळीवर आमटी गरम राहील, एवढाच माझा विचार होता. मे महिना. जर्मनीतल्या आमच्या रेगेन्सबर्गमध्ये लोक आइस्क्रीम खात फिरत होते आणि आमच्या हॉलमध्ये लाकडं धडधडून पेटली होती. आमचे हे, नागेश पाटणकर, बनियनवर घाम पुसत भिंतीला चिकटवलेल्या सहा वायरींसमोर उभे होते. प्रत्येक वायर त्या त्या जागचं तापमान सांगत होती.

"अहो, टीव्ही लावायचाय. रॉकेट नाही सोडायचं."

"रॉकेट सोपं असतं. ते एकदाच तापतं."

तीस वर्षं हे एका कंपनीत गाड्यांचे डॅशबोर्ड भट्टीत घालून तापवत होते. तडकतो का, वास मारतो का, फुगतो का. सगळं नीट निघालं की कागदावर सही. त्या मंजुरीला म्हणायचं फ्रायगाबे. ह्यांच्या फ्रायगाबेशिवाय साधं बटणसुद्धा पुढे सरकत नसे. मार्चमध्ये तो विभागच बंद झाला. साठीला एक वर्ष कमी असताना हे घरी बसले. निरोपाला सहकाऱ्यांनी पासष्ट इंची टीव्ही दिला.

पहिले दोन आठवडे हे सकाळी सहाला दाढी करून, बूट घालून सोफ्याच्या कडेवर बसत. कोणी न्यायला येणार असल्यासारखे.

"कुठे निघालात?"

"कुठे नाही."

त्या 'कुठे नाही'ची मला भीती वाटायला लागली होती.

मग आखनहून मैथिलीचा फोन आला. टीव्ही कुठे लावायचा, असं मी विचारलं. आमची लेक मराठी ऐकते आणि जर्मनमध्ये बोलते. "ऊबर डेन कामिन, मामा!" म्हणजे फायरप्लेसच्या वर. (इथली मुलं आईलाच मामा म्हणतात. माझ्या सख्ख्या भावाला हे अजून पचलेलं नाही.)

"पण उष्णता?" हे म्हणाले आणि उठले. बूट काढून तळघरात गेले ते वायरींचा डबा घेऊनच वर आले.

त्याला पाच आठवडे झाले. टीव्ही पॅसेजमध्ये खोक्यातच होता, मी त्यावर कांदे ठेवत होते. मालिका मोबाइलवर बघायची म्हणजे माणसं नखाएवढी. कोणी कोणाच्या थोबाडीत मारली, हे दोनदा मागे जाऊन बघावं लागायचं.

"चाळीस डिग्रीपर्यंत चालतं त्याला," हे म्हणाले. "काल एकोणचाळीस पॉइंट सहा आलं."

"मग लावा की!"

"पॉइंट चारवर सही कोण करणार?"

मंगळवारी चिमणी तपासायला हेर्र लाइटनर आले. आखूड मानेचा, काळ्या कपड्यांतला हसरा माणूस. त्यांनी चिमणी बघून झाल्यावर मी मध्येच तोंड घातलं. मला हे प्रकरण एकदाचं संपवायचं होतं.

"हेर्र लाइटनर, इथे वर टीव्ही चालेल का हो?"

त्यांनी भिंतीला तळहात लावला. घडीची पट्टी उघडून फळीपासून अंतर मोजलं. ह्यांच्या सहा वायरींकडे कौतुकानं पाहिलं.

"पास्ट," ते म्हणाले. जमतंय.

"पण माझे आकडे..."

"फळी उष्णता अडवते, हेर्र पाटणकर. पास्ट शोन. लावून टाका."

दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

हे भिंतीकडे वळले. रंग निघू नये म्हणून नखानं हळूहळू पहिली वायर सोडवली. चार बोटांभोवती गुंडाळली. मग दुसरी.

"चला, झालं," हे म्हणाले. आवाज तोच, 'कुठे नाही'वाला.

खरं तर मी जिंकले होते. कांदे हलवायचे, खोकं फोडायचं, आणि आजपासून थोबाडीत कोणी मारली ते पहिल्याच फटक्यात दिसणार.

तिसरी वायर निघाली.

"अहो," मी जरा मोठ्यानंच म्हणाले, "माझ्या मानेचं काय?"

"मानेचं?"

"एवढं उंच बघून मान आखडेल माझी. तिची फ्रायगाबे कोण देणार? हे चिमणीवाले?"

आमच्या मराठीतला एकच शब्द हेर्र लाइटनरना कळला. "गेनाऊ! फ्रायगाबे!" ते उत्साहानं म्हणाले. गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर.

हे माझ्याकडे बघत राहिले. माझ्या मानेला आजवर काहीही झालेलं नाही, हे ह्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही.

"मान," हे सावकाश म्हणाले. "कोन काढावा लागेल."

"काढा ना."

"आणि पाच मिनिटांत नाही कळणार."

"छे, पाच मिनिटांत काय कळतंय!"

हेर्र लाइटनर गेल्यावर ह्यांनी माझी खुर्ची भिंतीपासून दोन मीटर चाळीसवर ठेवली. टीव्हीचा मध्य येईल तिथे पेन्सिलीनं बारीक फुली मारली.

"बस. फुलीकडे बघ. मालिका किती वेळाची असते?"

"जाहिराती धरून अर्धा तास. जाहिरातीत मी उठते."

"आज उठायचं नाही."

शेजारी स्टूल ओढून, मांडीवर वही घेऊन हे बसले. घड्याळ लावलं. फुली इतकी बारीक की चष्म्यातूनही दिसेना, पण मी बघत राहिले. थोड्या वेळानं हेही वर बघायला लागले.

"दुखतंय?"

"थोडंसं."

ह्यांनी ते लिहून घेतलं.