एका कामाला एक नाव

ताईंनी एक काम पडद्यावर पुन्हा एकदा दोघांच्या नावावर टाकून पाहिलं. सॉफ्टवेअरनं दुसरं नाव घेतलं आणि पहिलं मुकाट्यानं पुसून टाकलं. तिसऱ्यांदाही तेच. एका कामाला एक नाव, त्यापलीकडे ते काही ऐकायलाच तयार नव्हतं.

हे ऑफिस दुकानांच्या आतल्या मांडणीचे नकाशे काढायचं. काउंटर कुठे, फळ्या किती, दिव्यांच्या वायरी कुठून न्यायच्या, सगळं इथे ठरायचं. आजवर आलेली कामं भिंतीवरच्या पांढऱ्या बोर्डवर लिहिली जात आणि ज्याचा हात मोकळा असेल तो उचलत असे. कोणी किती केलं हे कोणी मोजलं नव्हतं, कारण त्यावाचून कोणाचं काही अडलं नव्हतं. साहेबांना मात्र आता सगळं पडद्यावर दिसायला हवं होतं. दोन सॉफ्टवेअर चाचणीसाठी आणली होती, आणि दोन्हींत जो तो आपली कामं स्वतःच नोंदवत होता. पहिलं जरा ढिसाळच, पण एका कामाला चार नावंही आनंदानं घ्यायचं. हे दुसरं चटपटीत होतं, आणि महिनाअखेर प्रत्येकाचा आलेख काढून द्यायचं. टीम तुमची, निवडही तुमचीच, असं साहेब ताईंना म्हणाले होते. मग त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं होतं.

"एक जागा कमी करायचीय. वरून आलंय. सॉफ्टवेअर ज्याला सगळ्यात खाली दाखवेल, तो जाईल. म्हणजे उगाच कोणी कोणाच्या नावानं बोटं मोडायला नकोत."

"टीमला सांगू?"

"इतक्यात नको. कामावरचं लक्ष उडतं लोकांचं."

तेव्हापासून ताईंना मास्तरांची काळजी लागली होती. मास्तर म्हणजे टीममधले सगळ्यात जुने नकाशेकार. निम्म्या लोकांना त्यांनीच हाताला धरून शिकवलेलं, ताईंनासुद्धा. आता त्यांच्या नजरेत मधोमध डाग आला होता. सरळ पाहिलं की दिसत नसे, कडेनं दिसे, म्हणून ते मान वाकडी करून पडद्याकडे पाहात. एकदा त्यांनी तीनचा आठ वाचला आणि दारातून आतच जाणार नाही असा काउंटर बनून आला. त्या दिवसापासून टीमनं काही न बोलता त्यांचं काम आपसात वाटून घेतलं होतं. मास्तरांची बायको अंथरुणाला खिळलेली होती, तिच्या उपचारांचा विमा या नोकरीतून मिळालेला होता, आणि निवृत्तीला अजून अवकाश होता. नोकरी गेली तर त्या घरात काय होईल, याचा विचार ताई अर्ध्यावरच सोडून देत.

त्यामुळे त्यांचं मन पहिल्या सॉफ्टवेअरकडे झुकलेलं होतं. जिथे चार नावं चालतात तिथे एक माणूस लपून जातो. साहेबांना काय कारण द्यायचं तेही त्यांनी जुळवून ठेवलं होतं. पण त्या दुपारी त्यांनी सहज दुसऱ्या सॉफ्टवेअरचा आलेख उघडला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. सगळ्यात वर मास्तरांचं नाव होतं.

खालची नावं न पाहताच त्या उठल्या आणि वादळच्या टेबलापाशी गेल्या. तिला वादळ म्हणत ते तिच्या वेगामुळे. बाकीच्यांचा चहा निवेपर्यंत तिचा एक नकाशा हातावेगळा झालेला असे. लेकीला एकटीनं वाढवत होती. घरी, ऑफिसात, रस्त्यात, सगळीकडे धावतच असायची.

"मास्तरांच्या नावावर एवढी कामं कोणी टाकली?"

"मीच." तिनं मान वर केली नाही. "एकच नाव घेतंय ना ते. मग ज्याला गरज आहे त्याचं टाकलं."

"कसली गरज?"

"ताई, एक जागा जाणारेय. कानावर आलंय आमच्या. तुम्ही नाही बोललात तरी चेहरा बोलतो तुमचा."

ताईंनी इकडेतिकडे पाहिलं. "आणि तुझ्या नावाचं काय?"

"माझं काय? मी काय करते ते माहितीय सगळ्यांना."

खोटं कशाला सांगायचं, ताईंचा जीव भांड्यात पडला. जागेवर येऊन त्यांनी विचार केला. मास्तर वर असतील तर खाली कोण राहील, हे उघडच होतं. निवांत. त्याचं खरं नाव मागे पडून हेच रूढ झालं होतं. नकाशा उघडून त्याच्याकडे तासभर कौतुकानं पाहात बसण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. निवांतवर त्यांचा राग नव्हता. पण तो एकटा होता, तरुण होता, त्याला दुसरीकडे कुठेही मिळालं असतं. एकट्या मास्तरांचा चेहरा डोळ्यांपुढे ठेवून त्यांनी दुसरं सॉफ्टवेअर पसंत असल्याचं साहेबांना कळवलं. रात्री बऱ्याच दिवसांनी त्यांना शांत झोप लागली.

महिनाअखेर साहेबांनी त्यांना बोलावलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. वर मास्तर होते. त्यांच्या खालोखाल निवांत होता. त्यानं फाईल उघडली हे एक काम लिहिलं होतं, फाईलचं नाव बदललं हे दुसरं, आणि ती मेलनं पाठवली हे तिसरं. सगळ्यात तळाला वादळ होती.

"हे चूक आहे," ताई म्हणाल्या. "त्यानं एकाच कामाचे दहा तुकडे केलेत."

"तुकडे करू नका असं कुठे सांगितलं होतं आपण?"

"आणि ही टीममध्ये सगळ्यात जास्त काम करते, साहेब. कोणालाही विचारा."

"विचारायचं नाही म्हणून तर हे घेतलं ना." साहेबांचा आवाज काही कडक नव्हता. उलट दमल्यासारखा होता. "बरं, करते म्हणता. मग ते गेलं कुठे? दुसऱ्या कोणाच्या नावावर लागलंय का? तसं असेल तर आत्ता सांगा, दुरुस्त करू."

ताईंची नजर आलेखाच्या वरच्या टोकाला गेली आणि त्यांनी ती लगेच काढून घेतली. साहेबांनी ते पाहिलं की नाही, कळलं नाही. ते पेनाची उघडझाप करत थांबले होते. केबिनच्या काचेतून मास्तरांची पाठ आणि वाकडी मान दिसत होती.

"कोणाच्या नावावर?" साहेबांनी पुन्हा विचारलं.

"कोणाच्या नाही," ताई म्हणाल्या.

शब्द तोंडातून गेले आणि त्यांना स्वतःचीच किळस आली.

"मग तिला तुम्हीच सांगा. तुमचं ऐकते ती."

ताई बाहेर आल्या. वादळ स्वतःच्या जागेवर नव्हती. ती मास्तरांच्या शेजारी स्टूल ओढून बसली होती आणि एका दुकानाची मापं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवत होती. मास्तर डोळे मिटून ऐकत होते, मधूनच "फळी दोन बोटं खाली घे" म्हणत होते, आणि ते बरोबर असायचं. ताईंना पाहून ती उठली आणि त्यांना खिडकीपाशी घेऊन गेली.

"झालं का साहेबांचं?" तिनं आवाज खाली घेतला. "आलेख आला?"

"आला."

"मास्तर वाचले ना?"

"वाचले."

तिनं छातीवर हात ठेवून श्वास सोडला. बऱ्याच दिवसांनी ती अशी एका जागी स्वस्थ उभी होती. जाऊन मास्तरांना सांगावं म्हणून वळली, आणि ताई जागच्या हलल्या नाहीत हे पाहून थांबली.

"मग तुमचं तोंड असं का झालंय?"