पाणी न पाजलेल्या फरश्या

ईरण्णा गवंडी वारला, लिंगैक्य झाला, त्याला बारा दिवस झाले होते, तेव्हा शरणबसप्पांच्या घरून निरोप आला. न्हाणीच्या फरश्या नव्यानं लावायला सोलापूरहून कारागीर आलाय, ईरण्णाची थापी आणि ओळंबा तिथंच राहिलाय, तो घेऊन जावा. निरोप आणणारी बाई उंबऱ्यातून वळता वळता म्हणाली, "थोरल्या अम्मांनी तुलाच बोलावलंय. दुसऱ्या कुणाला धाडू नको म्हणल्या."

शिवगंगा मुरुम गावच्या मुलींच्या शाळेत शिकवत होती. अर्ध्या दिवसाची रजा सांगून ती निघाली. ईरण्णाची ती एकुलती लेक. आई लहानपणीच गेलेली. सोलापूरला मामाकडे राहून मराठी सातवी पास झालेली गवंड्याची पोर गावात दुसरी नव्हती, आणि ईरण्णा हे परांचीवर उभा राहून, विचारलं नाही तरी सांगत असे.

न्हाणीची हकिकत गावाला पाठ होती. शरणबसप्पा अडत व्यापारी, मोठं घर. त्यांची आई रुद्रम्मा गुडघ्यांनी हैराण. सोलापूरच्या डॉक्टरनं रोज तासभर कढत पाण्यात बसायला सांगितलं. विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबाचा लोखंडी टब शरणबसप्पांनी विकत घेतला आणि बैलगाडीत घालून आणला. करोडगिरीच्या जकातनाक्यावर शिपायानं विचारलं, ह्यात म्हैस बसवणार का. ही गोष्ट रुद्रम्माच्या कानावर गेली तेव्हा म्हातारी म्हणाली, "व्हय, म्हसच बसणार हाय. काढायला दोघी लागतात."

वाफेनं भिंतीचा चुना पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटू लागला. म्हणून टबाच्या तिन्ही बाजूंना काठापासून थेट वर कडीपाटापर्यंत चिनी मातीच्या पांढऱ्या फरश्या लावायचं ठरलं. लढाई नुकतीच संपली होती. सिमेंट ओळखीवर मिळत होतं. मुरुमात असल्या फरश्या कुणी लावलेल्या नव्हत्या. ईरण्णानं काम घेतलं, कारण आलेलं काम नाही म्हणायची त्याला सवय नव्हती.

फरश्यांच्या पेटीत एक छापील कागद निघाला, इंग्रजी. शरणबसप्पांना मराठी, कानडी आणि कचेरीपुरती उर्दू येत होती. ईरण्णा म्हणाला, "द्या इकडं. माझी लेक वाचंल."

घरी येताना तो चन्नबसप्पाला बरोबर घेऊन आला. चन्नबसप्पा त्याच्या जोडीचा गवंडी. तीस वर्षं दोघांनी एका दोरीला भिंती चढवल्या होत्या. दोघंही अंगणात मांडी घालून बसले, पोथी ऐकायला बसावं तसे. शिवगंगेनं कागद हातात घेतला. इंग्रजीचं पहिलं पुस्तक तिनं मामाच्या मुलाबरोबर अर्धं वाचलं होतं, तेवढंच. कागदातला पाण्याचा शब्द तिला ओळखू आला, कोरड्याचा ओळखू आला. मधलं काही आलं नाही.

हे मला वाचता येत नाही, असं म्हणायला काही अडत नव्हतं. बापानं नजरेनंही जाब विचारला नसता. पण चन्नबसप्पा बसला होता.

ती म्हणाली, "पाणी लागू द्यायचं नाही म्हणतात. फरशी कोरडीच लावायची."

ईरण्णानं नमुन्याला एक फरशी बरोबर आणली होती. ती उलटी करून त्यानं तिच्या पाठीवरून अंगठा फिरवला. "विटंला तर आपण पाणी पाजतो, बाई. तहानलेली वीट चुन्याच्या मालातलं सगळं पाणी पिऊन टाकती. हिची पाठ बी मातीचीच की."

"मातीचीच," चन्नबसप्पा म्हणाला.

"हे विलायती आहे, अप्पा. आपल्या विटेसारखं कसं असेल? लिहिलंय तसं करा."

"व्हय, ते बी खरं," ईरण्णा म्हणाला, आणि फरशी खाली ठेवली.

भिंत दिसायला सुरेख झाली. लोक बघायला येत. दिवाळीनंतर वरच्या ओळीतली पहिली फरशी टबात पडली. रुद्रम्माला नुकतंच बाहेर काढलं होतं म्हणून डोकं वाचलं. मग पाच पडल्या. मग एका दुपारी सबंध पट्टा खाली आला. त्या दिवशी ईरण्णा घरी आला, पाय न धुता बसला आणि म्हणाला, "तो कागद पुन्हा एकदा वाच बरं, बाई. माझ्याकडून काही ऐकायचं राहिलं असंल."

शिवगंगेनं कागद उघडला. एव्हाना तिला शंका होती. शंका कसली, जवळजवळ खात्रीच. तिनं ओळींवरून बोट फिरवलं आणि पूर्वीचंच सांगितलं. या वेळी जरा ठासून.

"मग माझाच हात चुकला," ईरण्णा म्हणाला.

तीन आठवड्यांनी त्याला ताप भरला. नवव्या दिवशी तो गेला.

शिवगंगा न्हाणीच्या दारात पोचली तेव्हा रुद्रम्मा बाहेर चौरंगावर बसली होती, शरणबसप्पा खांबाला टेकून उभे होते. आत व्यंकट नावाचा तो सोलापूरचा कारागीर छिन्नीनं उरलेल्या फरश्या उचकटत होता. फार जोर लावावा लागत नव्हता. टब पाण्यानं भरलेला होता आणि तळाशी नव्या फरश्या उभ्या रचलेल्या होत्या. त्यांतून बारीक बुडबुडे वर येत होते.

व्यंकटनं एक जुनी फरशी तिच्यापुढं धरली. ती कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. "बघा ताई, पाठ कशी कोरी करकरीत. मालानं धरलंच न्हाई. एक फरशी भिजवलेली न्हाई बघा. नवशिक्या पोराला बी कळतं हे. ज्यानं हे केलं, तो हातात थापी द्यायच्या लायकीचा न्हवता."

"व्यंकट," शरणबसप्पा म्हणाले, "त्याचीच लेक हाय ती."

व्यंकटनं जीभ चावली आणि भिंतीकडं वळला.

"असू दे. म्हातारपणी हात जातो माणसाचा," शरणबसप्पा म्हणाले. "मठातला पाण्याचा हौद बी ईरण्णाचाच. दोनच वर्षं झाली. व्यंकट, जाण्याआधी तो बघून घे. पोकळ वाजला तर उकलून टाकू. स्वामींना सांगून ठेवलंय मी."

मठाचा हौद ईरण्णानं धर्माचं काम म्हणून बांधला होता. गावात असताना असा एक दिवस गेला नव्हता की तो वाटेत थांबून त्या हौदाला हात लावून आला नाही.

"हौदाला हात लावू नका," शिवगंगा म्हणाली. "अप्पांचा हात गेला नव्हता. त्यांना फरशी भिजवायचीच होती. मी नको म्हटलं. त्या कागदातलं मला काही वाचता आलं नव्हतं. मी मनानं सांगितलं."

छिन्नीचा आवाज थांबला.

"पडल्यावर त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं," ती म्हणाली. "तेव्हाही तेच सांगितलं."

"तवा बी?" रुद्रम्मा म्हणाली.

"तेव्हाही मला इंग्रजी येत नव्हती, अम्मा."

"ते न्हाय इचारत मी." म्हातारीनं तिच्याकडं बघितलं. "तुझा बाप ह्याच दारात माझ्या पाया पडला, हे सांगायलाच तुला बोलावलं. माझ्याहून चार वर्षांनी धाकटा, त्याच्या बारशाला पेढं वाटलेलं मी बघितलंय. म्हणला, अम्मा, तुमच्या डोस्क्यात पडली असती तर. मला ते बघवलं न्हाय, म्या तोंड फिरवलं."

शिवगंगेनं कोपऱ्यातली थापी आणि ओळंबा उचलला.

शरणबसप्पा खांब सोडून पुढं आले. मग त्यांनी तिला बाजूला सोप्यात बोलावलं आणि आवाज उतरवला. "बाई, शाळा आम्ही किती खटपटीनं चालवतोय, तुला ठावं हाय. आधीच लोक पोरी धाडत न्हाईत. शिकलेली बाई असं करती म्हणल्यावर उद्या धा पोरी घरी बसतील. हौद मी उकलत न्हाय, शब्द देतो. ईरण्णा गेला. कुणी नावं ठेवली तर त्याला आता ऐकायला यायचं न्हाय. हे इथंच राहू दे."

ते वाईट माणूस नव्हते, आणि सांगत होते त्यात खरंही होतं. शिवगंगेला हायसं वाटलं. छातीवरचा धोंडा कुणी अलगद उचलावा तसं. बाप जाऊन बारा दिवस झाले होते, त्याचं नाव त्याच्यामागं मातीत चाललं होतं, आणि आपल्याला हायसं वाटतंय, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिचे कान तापले. कागद वाचतानाही असे तापले नव्हते.

"नाही अण्णा," ती म्हणाली. "शाळेतून काढा हवं तर."

थापी आणि ओळंबा पदरात घेऊन ती बाजाराच्या मागं गेली. तिथं एका अडत्याच्या गोदामाची भिंत चढत होती आणि परांचीवर चन्नबसप्पा होता. तिला बघून तो खाली उतरला. तिनं त्याला सगळं सांगितलं. मान वर केली नाही.

चन्नबसप्पानं हाताला चिकटलेला चुना खरवडला. "मी तिथंच बसलो होतो की," तो म्हणाला. "मला बी वाटलं होतं, पाणी पाजाय पाहिजे. मी बी गप बसलो. पोरगी शिकलेली, आपण कोण." मग जरा वेळानं, "आणि ईरण्णाचा हात गेला असं चार ठिकाणी म्याच सांगितलं."

तो रागावेल, असं तिला वाटलं होतं. तो रागावला नाही. त्याच्यानं तिच्याकडं बघवेना.

"मला एकट्याला सांगून काय उपयोग," तो म्हणाला. मग वर बघून त्यानं हाक मारली, "ए, काम थांबवा रं. सगळे खाली या. ईरण्णाची लेक आलीय, तिला काही सांगायचंय."

परांचीवर पाच जण होते. एकेक जण थापी ठेवून, हात पुसत उतरू लागला. शेवटचा म्हातारा गुडघ्यानं अधू होता, त्याला वेळ लागला. तो जमिनीवर पाय टेकून नीट उभा राहीपर्यंत शिवगंगा थांबली.