तिला चक्कर येते

घरात तिला सगळे खारू म्हणत. चालायला लागली तेव्हापासून जे दिसेल त्यावर चढायचं, हा तिचा धर्म. कपाट, खिडकीचे गज, बाबांची पाठ, काहीच सुटलं नाही. बाबा कारखान्यात तीस वर्षं लेथवर काम करून निवृत्त झालेले. तिच्या सहाव्या वर्षी त्यांनी तिला मोजपट्टी दिली आणि बाराव्या वर्षी बारीक मापाचं व्हर्नियर. पुढे ती इंजिनिअर झाली, त्यात कॉलेजचा वाटा किती आणि बाबांचा किती, याचा निवाडा कुणी करू नये. लिफ्ट तपासणाऱ्या कंपनीतून नेमणुकीचं पत्र आलं, तेव्हा तिने ते आधी बाबांना वाचून दाखवलं. आईला दुसऱ्या खेपेला ऐकायला मिळालं.

कंपनीचं काम सरळ होतं. लोकांच्या इमारतींमधल्या लिफ्ट तपासायच्या आणि त्या चालवाव्यात की बंद ठेवाव्यात, ते लिहून द्यायचं. ऑफिस एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीला लिफ्टच नव्हती. येणारा प्रत्येक माणूस धापा टाकत हा विनोद करायचा आणि आपल्यालाच तो पहिल्यांदा सुचला असं समजायचा.

सगळ्यांच्या वर मॅडम होत्या. बोलायला मोजक्या, कामाला चोख. सगळ्यात जुना तपासनीस म्हणजे वस्ताद. दोराला नुसता हात लावून तो किती महिने टिकेल ते सांगणारा माणूस. आणि तिच्याबरोबर त्याच दिवशी लागलेला एक मुलगा होता, त्याचं नाव पहिल्याच दिवशी लंबू पडलं, कारण दारातून येताना त्याला मान वाकवावी लागायची. दोघांनाही सहा महिने परीक्षेवर ठेवलं होतं. त्या काळात प्रत्यक्ष जागेवर जाऊन निदान चाळीस लिफ्ट तपासायच्या, तरच नोकरी कायम.

पहिले दोन आठवडे तिचे पाय जमिनीला लागत नव्हते, आणि हे अगदी शब्दशः. वस्ताद तिला लिफ्टच्या टपावर उभं करायचे. सुरक्षेचा पट्टा अडकवलेला, हातात टॉर्च, खाली नऊ-दहा मजल्यांचा काळोख. लिफ्ट मुंगीच्या चालीने वर सरकायची आणि ती दोराच्या तुटलेल्या तारा मोजायची. ग्रीसचा वास, भिंतीवर कधीकाळी गवंड्याने खडूने लिहिलेले आकडे, बंद दारांपलीकडून येणारे घराघरांतले आवाज. एकदा तिने एका वीतभर लांबीत सहा तुटलेल्या तारा शोधल्या. वस्तादांनी पुन्हा मोजल्या, सहाच भरल्या. "पोरी, डोळा आहे तुला," एवढंच ते म्हणाले. त्यांच्याकडून एवढं मिळणं म्हणजे डोंगराएवढं, हे तिला ऑफिसातल्या जुन्या लोकांनी नंतर सांगितलं.

संध्याकाळी घरी आली की ती हातपाय धुवायच्या आधी बाबांसमोर बसायची. टपावर कसं उभं राहायचं, ब्रेक कसा तपासायचा, सगळं हातवारे करून. बाबा ऐकायचे, मध्येच एखादा नेमका प्रश्न विचारायचे. "पट्टा कुठे अडकवतेस? खाली अंतर किती?" तिला वाटायचं, ऐकावं तर बाबांनी.

तिसऱ्या आठवड्यात ती डबा विसरली आणि तो घेऊन बाबा ऑफिसात आले. ती तेव्हा वस्तादांबरोबर बाहेर होती. परत आली तर कळलं, बाबा पंधरा मिनिटं मॅडमशी बोलून गेले. तिला अभिमानच वाटला. लेथचा कारागीर आणि मॅडम, बोलायला विषय भरपूर निघाले असतील.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिला बोलावलं. "तुझं लिखाण स्वच्छ आहे. सध्या काही दिवस तू टेबलावर बस. वस्ताद आणि लंबू टिपणं आणतील, तू त्यांचे अहवाल कर."

काही दिवसांचे काही आठवडे झाले, आठवड्यांचे महिने. ती रोज सकाळी जाड तळव्यांचे बूट घालून जायची आणि रोज ते टेबलाखाली कोरे करकरीत राहायचे. दोनदा तिने विचारलं. "बघू, घाई काय आहे?" मॅडम म्हणायच्या, आणि आवाज इतका मऊ असायचा की पुढे बोलायची सोयच राहायची नाही.

त्याच काळात आणखी काही चमत्कारिक सुरू झालं. जिन्यावर वस्ताद मागे थांबायचे आणि म्हणायचे, "सावकाश, पोरी." फायली वरच्या फळीवर असल्या तर लंबू धावत यायचा, "तू स्टुलावर चढू नकोस, मी देतो." तिला त्याचा संताप यायचा. माझ्या वाट्याच्या लिफ्ट हाच तपासतोय आणि वर स्टूलही मला मिळू देत नाही! तिने मनाशी हिशेब जुळवला: मॅडमच्या कानाला लागला असणार हाच. उंची सहा फूट, पण शेपूट त्याहून लांब. जेवणाच्या टेबलावर ती त्याच्यापासून दूर बसू लागली. एकदा सगळ्यांदेखत म्हणाली, "काही लोकांना दोर तपासावे लागत नाहीत, मॅडमची मर्जी तपासली की भागतं." लंबूचा घास हातात राहिला. गुन्हेगार कधी बोलतो का, असं तिला वाटलं.

घरी बाबा विचारायचे, "आज कुठे?" आणि ती सांगायची, "आजही टेबलावरच." मग लंबूच्या नावाने बोटं मोडायची. बाबा चहाच्या कपात बघत म्हणायचे, "बसून केलेलं कामही कामच असतं, खारू. डोकं शांत ठेव." तिला ते शहाणपण वाटायचं.

सहा महिने भरले त्या दिवशी मॅडमनी दोघांना एकेक करून आत घेतलं. लंबू बाहेर आला तो हातात पत्र घेऊन, आणि तिच्याकडे न बघता खाली गेला. ती आत गेली.

"तुझ्या फक्त नऊ तपासण्या आहेत," मॅडम म्हणाल्या. "नियमाने मला तुला कायम करता येत नाही. पण तुला सोडायचंही नाही. अहवाल लिहिण्याची एक जागा आहे, तिथे कायमची ये. उंचीवर जायचा प्रश्नच नाही. तुझ्या तब्येतीच्या दृष्टीने..."

"तब्येतीला काय झालंय माझ्या?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे बघ, यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्या बहिणीलाही होतं ते."

"काय होतं, मॅडम?"

"चक्कर. उंचीवर गेलं की डोळ्यांपुढे अंधारी येते तुला. कॉलेजात दोनदा पडली होतीस ना? तुझे बाबा सांगून गेले. तुला कळू देऊ नका, वाईट वाटेल तिला, असं हात जोडून म्हणाले. म्हणून मी आजवर बोलले नाही. फक्त वस्तादांना आणि लंबूला सांगितलं, त्यांनी लक्ष ठेवावं म्हणून."

तिला आयुष्यात पहिल्यांदा चक्कर आल्यासारखं झालं, ती त्या खुर्चीत बसल्याजागी. ती कॉलेजात कधीच पडली नव्हती. झाडावरून नाही, गच्चीवरून नाही, सायकलवरूनसुद्धा नाही. "हे खोटं आहे," ती म्हणाली. मॅडमच्या चेहऱ्यावर तीच मऊ दया होती. चक्कर येणारी पोर असंच म्हणणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

घरी ती चालत गेली. चार बसथांबे मागे पडले तरी तिला बसायचं सुचलं नाही. वाटेत ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मनात घोळवत होती. पट्टा कुठे अडकवतेस? खाली अंतर किती? आपण कौतुकाने सांगत होतो आणि समोरचा माणूस आपल्याचविरुद्ध पुरावा गोळा करत होता. चोराने चोरी केली तर माणूस पोलिसात जाईल. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची?

बाबा खिडकीपाशी पंख्याची मोटर उघडून बसले होते. आई भाजी निवडत होती.

"बाबा, मला चक्कर कधी येते?"

बाबांच्या हातातला स्क्रू घरंगळला. तो शोधायला ते वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. आईचे हात थांबले. त्या थांबण्यावरून खारूला कळलं, आईलाही ठाऊक होतं.

"तूसुद्धा?"

"अगं, काळजीपोटी..." आई म्हणाली.

"सहा महिने! रोज संध्याकाळी मी इथे बसून रडगाणं गात होते. त्या लंबूला शिव्या देत होते. आणि तुम्ही मला म्हणत होता, डोकं शांत ठेव?"

बाबा सरळ झाले. "तू त्या टपावर उभी राहतेस हे सांगितलंस ना, त्या दिवसापासून मला झोप नाही. कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवरचा माणूस क्रेनवरून पडलेला मी पाहिलाय. त्याला उचलायला मीच होतो. तो चांगला कारागीर होता, खारू. चुका करणारा नव्हता."

"मग मला सांगायचं. भांडायचं माझ्याशी."

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं."

"म्हणूनच."

त्या एका शब्दाने तिच्यात काहीतरी तुटलं. बाबांना पश्चात्ताप होईल असं तिने वाटेत धरलं होतं. त्यांना वाईट वाटत होतं ते पकडले गेल्याचं.

तिने मॅडमचा नंबर लावला आणि फोन बाबांसमोर धरला. "सांगा. आता, माझ्यासमोर."

"राहू दे गं," आई म्हणाली. "वयाने मोठे आहेत ते."

"मोठे आहेत, म्हणूनच मॅडमनी विश्वास ठेवला."

बाबांनी फोन घेतला. उजव्या हाताला ग्रीस होतं म्हणून डाव्या हाताने धरला. "मॅडम, मी खारूचा... मी तिचा बाबा. मी तुम्हाला ते चक्करचं सांगितलं होतं. ते खोटं होतं. तिला काही होत नाही. मीच घाबरलो होतो." पलीकडून मॅडम दोन-तीन वाक्यं बोलल्या. बाबा "हो, हो" म्हणत राहिले, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखे. मग फोन बंद झाला.

आता बरं वाटेल, असं तिला वाटलं होतं. मुळीच वाटलं नाही. जन्मभर ज्या माणसाला तिने मान खाली घातलेलं पाहिलं नव्हतं, त्याची मान तिने स्वतःच्या हाताने खाली वाकवली होती, आणि तरीही तिचा राग तसूभर कमी झाला नव्हता. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या होत्या. ती आतल्या खोलीत जाऊन नुसती बसून राहिली.

मॅडमनी डॉक्टरचा दाखला मागितला. फोनवर बापाने सांगितलं म्हणून टपावर चढवायला कंपनी म्हणजे काही नात्यातलं घर नव्हतं. डॉक्टरांनी तिला डोळे मिटून एका पायावर उभं केलं, खुर्चीत गरगर फिरवलं, कानात पाणी सोडलं. शेवटी म्हणाले, "एवढा स्थिर माणूस मी या महिन्यात पाहिला नाही. कुणी पाठवलं तुम्हाला?" तिने दाखला घडी करून पिशवीत टाकला.

दाखला बघून मॅडम म्हणाल्या, "मी तुला एकदा विचारायला हवं होतं. चूक माझी आहे." पण नियम तो नियम. पुन्हा तीन महिने परीक्षा, उरलेल्या एकतीस तपासण्या. लंबू मात्र कायम झालेला.

त्याला तिने जिन्यात गाठलं. माफी मागायची म्हणून रात्रभर जुळवलेली वाक्यं ऐनवेळी पळाली. "मी तुला फार वाईट बोलले," एवढंच निघालं.

"मला वाटलं, आजारामुळे चिडचिड होते तुझी," लंबू म्हणाला. "माझी आई म्हणाली, अशा माणसाचं मनावर घ्यायचं नसतं."

तिला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. लंबू घाबरून म्हणाला, "बसतेस का? पाणी आणू?" मग स्वतःच कपाळावर हात मारून घेतला. "सवय झालीय गं. जाईल हळूहळू."

वस्तादांनी काहीच विचारलं नाही. सोमवारी तिला घेऊन ते चौदा मजल्यांच्या एका इमारतीत गेले. सहा महिन्यांनी टपावर पाय ठेवताना तिला पहिल्यांदाच भीती वाटली. तिने पट्टा दोनदा ओढून पाहिला. "जुन्या माणसालाही वाटतं," वस्ताद म्हणाले. "ज्याला वाटत नाही त्याला मी टपावर घेत नाही." अर्ध्या तासाने ती तारा मोजत होती.

घरी ती वेळेवर यायची, जेवायची, आईला कामात मदत करायची. बाबांनी विचारलं तर उत्तर द्यायची, खोटं बोलायची नाही. "आज कुठे?" "बँकेच्या इमारतीत." "उंच होती?" "होती." त्यापुढे शब्द नसायचा. एकदा आई म्हणाली, "किती दिवस चालायचं हे? आपलेच दात, आपलेच ओठ." ती म्हणाली, "रागाचं म्हणशील तर तो उतरलाय, आई. सांगावंसं वाटत नाही, एवढंच. सांगितलं की त्याचं पुढे काय होईल, असं वाटत राहतं."

आईने हे बाबांना सांगितलं असावं, कारण त्यानंतर त्यांनी विचारणं थांबवलं.

तीन महिन्यांनी, बेचाळीस तपासण्या झाल्यावर, तिला कायम केल्याचं पत्र मिळालं. ते तिने आधी लंबूला दाखवलं, मग वस्तादांना. वस्तादांनी चष्मा लावून ते पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचलं. दुपारी तिने आईला फोन केला. आई रडली, हसली, मग म्हणाली, "बाबा इथेच आहेत, देऊ?"

मागून वस्ताद हाक मारत होते, खाली गाडी उभी होती.

"तूच सांग त्यांना," ती म्हणाली, आणि बूट घालायला वाकली.