कॅरियरवरचं एकावन्न किलो

बायको कलावती वारल्यानंतर तीन वर्षं तिचं वजन हिंदुरावांच्या सायकलीवर बसत होतं. वजन एकावन्न किलो होतं. हिंदुराव चौतीस वर्षं बाजार समितीत तोलार होते, त्यामुळे त्यात चूक असण्याचा प्रश्न नव्हता.

रोज सकाळी ते सायकल दाराबाहेर काढत, हँडल धरून उभे राहत आणि वाट बघत. जरा वेळाने मागचं चाक दबे. मग ते पुढच्या दांडीवरून पाय टाकून सीटवर बसत. मागून टांग टाकली असती तर तिला लागलं असतं. गल्लीतल्या लोकांना हे ठाऊक होतं. कोपऱ्यावरचा दूधवाला विचारायचा, "काय काका, आज दोघं कुठं?" आणि हिंदुराव म्हणायचे, "कुठं न्हाई, बाजारात. तिला गवार घ्यायचीय."

त्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला बाजाराच्या वळणावर एक पांढरी मोठी गाडी त्यांच्या मागे लागली. हॉर्न थांबेना. डावीकडे गटार होतं, उजवीकडे गाडी होती. गाडीचा आरसा हिंदुरावांच्या कोपराला घासून गेला, मग गाडी पुढे जाऊन आडवी उभी राहिली आणि एक तिशीतला माणूस खाली उतरला.

"ए म्हाताऱ्या, रस्ता तुझ्या बापाचा हाय का?"

"बापाचा न्हाई, म्हणून तर कडंनं चाललोय."

"हॉर्न ऐकू येत न्हाई तर घरात बसावं. मरायचंय का तुला?"

हिंदुराव कधी चढ्या आवाजात बोलत नसत. त्या दिवशी मात्र ते सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडले, "घाल की मग! घाल अंगावर! एकटा जीव आहे मी, कोण विचारणार आहे तुला?"

काट्यावरून पोतं उचललं की पारडं उसळतं, तशी मागे सायकल उसळली. कॅरियर रिकामा झाला होता. समोर त्या पांढऱ्या गाडीची डावी मागची बाजू सावकाश खाली बसली. गाडीवाल्याच्या ते लक्षात आलं नाही. तो आत बसला, दार आपटलं आणि निघून गेला.

हिंदुराव सायकल हातात धरून इलाहीभाईंच्या दुकानात गेले. इलाहीभाई सायकली दुरुस्त करायचे आणि अशी भांडणं त्यांच्याकडे आठवड्याला एक तरी यायची. त्यांनी पंक्चरच्या पाण्याची घमेली बाजूला सारली आणि स्टूल पुढे केलं.

"आधी पाणी प्या. नंबर बघितला का गाडीचा?"

"बघितला."

"लागलं कुठं?"

"कोपर खरचटलंय."

"बघणारं कोण होतं?"

"सगळा बाजार होता."

"झालं तर. आता तुम्ही त्याच्या मागं जायाचं न्हाई. रागानं मागं गेलं की पहिलं भांडण ऱ्हातं बाजूला आणि दुसरं सुरू होतं. सरळ चौकीवर जायाचं." इलाहीभाईंनी बोलता बोलता सायकल उचलली. ती त्यांच्या दोन बोटांवर वर आली. त्यांनी ती खाली ठेवली आणि चष्मा पुसला. "भाभी कुठायत?"

"त्याच्या गाडीत."

"आपण होऊन गेल्या? काय बोललात तुम्ही त्याला?"

हिंदुरावांनी सांगितलं.

इलाहीभाईंनी सायकल भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "काका, तुम्ही तोलार. आख्खी हयात पहिलं माप टाकताना तुम्ही एक म्हणाला न्हाई. लाभ म्हणायचं, मग दोन. एक म्हटलं की रास आटती म्हणून तुम्हीच नव्या हमालांना शिकवायचा. आणि भर बाजारात, त्यांच्या देखत, एकटा म्हणालात?"

"रागात गेलं तोंडातून."

"ते मला कळतंय," इलाहीभाई म्हणाले. "पण ऐकलं सगळ्यांनी."

हिंदुराव घरी आले तेव्हा दाराला एकच फळी होती. सकाळी दोन होत्या. दुसऱ्या फळीच्या जागी भिंत होती आणि तिच्यावरचा रंग जुना होता. आत पलंग होता, पण भिंतीच्या बाजूचा अर्धा नव्हता. मांडणीवर एक ताट, एक तांब्या, एक वाटी. कलावतीची साडी वाळायची ती दोरी होती. तिच्यावर एक पंचा मावेल एवढीच ती लांब होती.

घरात जुनी लोखंडी मापं होती. त्यांनी वीस किलोची दोन, दहाचं एक आणि एक किलोचं एक अशी मापं काढली आणि सुतळीने कॅरियरला बांधली. चाक दबलं नाही. मापं बांधलेली होती, दिसत होती, पण सायकलीला ती कळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी गल्ली हँडलाएवढीच रुंद झाली होती. दूधवाला भिंतीला पाठ लावून उभा राहिला तेव्हा कुठे हिंदुराव पुढे गेले. त्याने नेहमीचं काही विचारलं नाही. "या काका," एवढंच म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला.

चौकीत जाधव नावाच्या हवालदारबाई होत्या. त्यांनी हिंदुरावांना बसवलं, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि कागद ओढला.

"काय हरवलंय? माणूस का वस्तू?"

"वजन."

"वजनाला रकाना न्हाई, काका. माणूस म्हणून लिहू?"

"माणूस तीन वर्षांमागं गेलं. त्याचा दाखला आहे."

"मग वस्तू लिहिते."

"वस्तू न्हाई म्हणता येत," हिंदुराव म्हणाले. "वस्तू आपण होऊन उतरत न्हाई."

बाईंनी पेन खाली ठेवलं. भांडणाची बातमी चौकीवर पोचली होती आणि त्या दिवशी सकाळीच शिपाई पाठवून त्यांनी बाजारात पंचनामा केला होता. भांडणाच्या जागी खडूची खूण केली होती. नारळवाला, भेंडीवाली आणि चपलांचा दुकानदार, तिघांचे जबाब झाले होते. त्यांनी ते वाचून दाखवले. गाडीवाल्याने शिवी दिली, आरसा लागला, हे तिघांनी सांगितलं होतं. आणि म्हातारा मी एकटा आहे असं मोठ्याने म्हणाला, हेही तिघांनी सांगितलं होतं.

"त्याच्यावर गुन्हा लागंल," बाई म्हणाल्या. "आरसा लावला, शिव्या दिल्या, गाडी आडवी घातली. पण वजनाचं माझ्या हातात न्हाई. तीन जबाब आहेत. तुम्ही एकटे आहात असं कागदावर आलंय."

"कागद बदलत न्हाई का?"

"जबाब ज्यानं दिला त्यालाच बदलता येतो. तुमचा जबाब तुम्ही कागदावर न्हाई, तिच्यासमोर दिलाय." त्यांनी एका चिठोऱ्यावर पत्ता लिहिला. "सयाजी माने. मंडपाचा धंदा आहे. मी आधी फोन करते त्याला. भांडायला म्हणून जाऊ नका, काका. आवाज चढवलात की घर आणखी आवळंल. आता किती उरलंय?"

"आडवं झोपता येतंय," हिंदुराव म्हणाले.

गुरुवारी ते तेही करू शकले नाहीत. भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन त्यांनी रात्र काढली. सकाळी निघताना त्यांना कळलं की अजून एक दिवस गेला तर त्या घरात एका उभ्या माणसाएवढी जागा राहील. तिला परत आणली तरी बसवायचं कुठे, हा विचार त्यांच्या मनात प्रथमच आला. त्यांनी कॅरियरवरची मापं सोडली, ती जिच्यावर बसायची ती टॉवेलची घडी तेवढी तिथे राहू दिली आणि निघाले.

सयाजी मानेचं घर गावाबाहेर होतं. अंगणात मंडपाचे बांबू रचले होते. पांढरी गाडी डाव्या अंगाला कलून उभी होती आणि आतून टुंग टुंग असा बारीक आवाज येत होता. सयाजी पायरीवर बसला होता. हिंदुरावांना बघून तो उठला.

"या काका. बाई बोलल्या फोनवर. बरं झालं आलात." त्याची दाढी वाढली होती. "चूक झाली माझी. पण ते सोडा, आधी हे बघा. मंगळवारपासून वाजतंय. मागच्या सीटवर माणूस बसलंय आणि पट्टा लावला न्हाई, म्हणून वाजतं. शिवी तोंडात आली की जोरात वाजतं. चाळीसच्या वर गेलो की जोरात वाजतं. काल एका स्कुटरवालीला हॉर्न मारणार होतो, तर असं वाजलं की मीच थांबलो आणि तिला म्हटलं, जावा ताई तुम्ही आधी."

"उतरायला सांगितलं का तिला?"

"हात जोडले. आईनं ओटी भरायला घेतली तरी न्हाई." तो जरा थांबला. "एक सांगू का? खोटं न्हाई बोलणार. तीन दिवस मी कुणाशी भांडलो न्हाई. मला झोप लागली. त्या बसल्यात तर मला तरास न्हाई."

हिंदुरावांनी मागचं डावं दार उघडलं. सीट दबलेली होती. पण मध्ये नाही, अगदी कडेला, दाराच्या बाजूला, हातभर लांबीची एक खळगी. ती गाडीतसुद्धा कॅरियरवर बसावं तशी एका अंगावर, कडेला बसली होती.

"अगं, मागं सरकून बस की," हिंदुराव म्हणाले. "केवढी जागा आहे."

खळगी हलली. हळूहळू मागे सरकली, पाठ टेकली. गादीतून हवा गेल्यासारखा आवाज झाला.

"तुमचं ऐकतात," सयाजी म्हणाला.

"मी रागात बोललो," हिंदुराव आत वाकून म्हणाले. "मी एकटा न्हाई. हे याच्या देखत सांगतो. बाजारात जाऊन सांगू का? आता जाऊन सांगतो. चल." त्यांनी सायकल दाराला भिडवली, कॅरियर सीटच्या पातळीला आणला आणि हँडल धरून उभे राहिले.

ते रोजच्यासारखे उभे राहिले. चाक दबलं नाही. सयाजीने दोन वेळा घड्याळात बघितलं आणि दुसऱ्यांदा घड्याळ काढून खिशात टाकलं.

तेव्हा हिंदुरावांना आठवलं की सायकलवरून उतरली की कलावती भिंतीला हात लावून थोडा वेळ उभी राहायची. ते स्टँड लावत असायचे. आपल्यासाठी थांबते, असं त्यांना एक्केचाळीस वर्षं वाटत होतं. आता कळलं, कॅरियरवर बसून तिचे पाय बधिर होत असत.

ते सायकलीशेजारी खाली बसले.

"पाणी आणू का?" सयाजीने विचारलं.

"नको. मऊ आहे का रे सीट?"

"हाय की. महागातली घेतली होती."

हिंदुरावांनी मान हलवली. "मंगळवारी बाजार झाला की आम्ही कालव्याच्या पुलावर थांबायचो. तिला पाणी बघायला आवडायचं. या मंगळवारी राहिलं ते."

"मग नेतो की. तुम्ही पण बसा."

सयाजीने दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. आत जागा नव्हती. दार उघडल्याबरोबर लगेच तिची खळगी लागत होती. पुढचं दार उघडलं तर तिथे फक्त सयाजीची सीट होती. "सकाळी होती ओ इथं," तो म्हणाला आणि सगळीकडे चाचपून बघू लागला. हिंदुरावांनी त्याला थांबवलं. त्यांना आता या गोष्टी समजत होत्या.

"तू हळू चालव. मी कडंनं येतो."

गाडी सायकलीच्या वेगाने निघाली. मागच्या डाव्या खिडकीची काच खाली होती. गावात लोक बघत होते. कुणीतरी ओरडलं, "काय सयाजी, वरात हाय का?" आणि सयाजीने शिवी दिली नाही. टुंग टुंग थांबलं होतं. केव्हा थांबलं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

कालव्याच्या रस्त्याला चढ लागला. उसाच्या ट्रॉलीला धरून चढ काढायची हिंदुरावांची तरुणपणापासूनची सवय होती. त्यांनी डाव्या हाताने हँडल धरलं आणि उजवा हात खिडकीतून आत घातला, कोपरापर्यंत. तळवा सीटवर टेकला. गादी कोमट होती. सायकल आपोआप वर चढू लागली. पेडल मारावं लागेना.

मग त्यांच्या हातावर वजन आलं. फार नव्हतं. पावशेर, सव्वा पावशेर. तिचा हात त्यांनी कधी तोलला नव्हता, पण तेवढाच असणार.

"तुला ऊन लागत न्हाई ना?" त्यांनी विचारलं. वजन तिथेच राहिलं.

रस्ता आवळायला लागला. आधी डावीकडची बाभळीची रांग जवळ आली, मग कालव्याचा कठडा. हिंदुरावांचं डावं पेडल दगडाला घासून ठिणगी उडाली. समोर पूल दिसत होता. त्याच्या तोंडाशी बरोबर एका गाडीएवढी जागा होती.

"काका, पुलावर दोघं मावणार न्हाई," सयाजी आरशात बघत म्हणाला. "हात काढा आता. मी पलीकडं थांबतो."

"काढतो."

"काढा की."

"काढतो म्हटलं ना. तू चालव."

"मी ब्रेक लावतोय, काका. गाडी ऐकत न्हाई." सयाजी आता ओरडत नव्हता, विनवत होता. "माझी आण हाय तुम्हाला."

हँडलाचं डावं टोक कठड्याला टेकलं आणि खडखडत घासू लागलं. खिडकीच्या चिरेतून काच वर यायला लागली. सावकाश, बोटभर, मग दोन बोटं.

"काच मी न्हाई लावत," सयाजी म्हणाला. त्याचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते.

काचेची कड हिंदुरावांच्या कोपराखाली आली, जिथे खरचटलं होतं तिथे, आणि हात उचलू लागली. कलावतीने ढकलावं तशी ती ढकलत होती, न बोलता, दुखू नये इतक्या बेताने. कठडा गुडघ्याला लागला. हिंदुरावांनी बोटं मिटली नाहीत आणि हात ओढलाही नाही. काच वर येत होती, आणि हातावरचं वजन उठत नव्हतं.