चहा नको

बत्तीस वर्षं मास्तरकी केली, त्यामुळे नियम म्हटला की माझ्या हाताची आपोआप घडी पडते. निवृत्तीनंतर मी अकोल्यातल्या एका मंडळात नाव घातलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे आठवड्यातून तासभर जाऊन बसायचं. नियम एकच कडक: त्यांच्या घरी काही खायचं-प्यायचं नाही. गुडघे धरून चालणाऱ्या माणसाला आपल्यासाठी ओट्याशी उभं करू नये, म्हणून. नियम चांगलाच होता.

माझ्या वाट्याला मनकर्णाबाई आल्या. वय शहात्तर. नवरा मूर्तिजापूरला रेल्वेत होता, तो गेला; मुलगा नागसेन पुण्याला. दर मंगळवारी चारला त्या दार उघडं ठेवून बसलेल्या असायच्या. मी चप्पल काढेपर्यंत त्यांच्या तीन गोष्टी सांगून व्हायच्या. मग म्हणायच्या, "चहा मांडते." मी म्हणायची, "नको, आत्ताच घेतला." सातव्या मंगळवारी कारणं संपली, तेव्हा उपास आहे म्हणून सांगितलं. त्यांनी हातातलं पातेलं परत फळीवर ठेवलं.

पुढच्या सोमवारी मंडळातल्या योगेशचा फोन आला. मनकर्णाबाईंनी कळवलं होतं, "शकुन मॅडमले पाठवू नका. बौद्धाच्या घरचं पानी त्याहिले चालत नाही."

मी भडकले. वर्गातली सगळी पोरं एका पंगतीत बसवणारी मी, आणि मला हे? दिवसभर धुसफुसले. संध्याकाळी आठवलं, अंजनगावला आईकडे गोठ्याच्या कोनाड्यात एक कप वेगळा असायचा. तो कुणासाठी, हे आम्हा पोरांना कधी सांगावं लागलं नाही. मनकर्णाबाईंनी असले कप जन्मभर पाहिले असणार. मला लाज वाटली.

मंगळवारी नियमांचा कागद घेऊन गेले. दार लावलेलं होतं. त्यांनी उघडलं, आत बसवलं आणि चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला.

"उपासाले चहा चालते, हे काय मले समजत नाही?" त्या म्हणाल्या. "नियम होता त सांगाले काय झालं होतं?"

"मले वाटलं, तुमाले वाईट वाटन."

नियम गेला खड्ड्यात, असं मनाशी म्हणून मी चहा मागितला. इतक्या अजिजीनं मी कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

"दूध नाही घरात. मी कोराच पेते. मंगळवारचं पावभर दूध तुमच्यासाठी घेत होती. तुमी नाही म्हटलं का त्याचं दही लावत होती. आता बंद केलं."

"कोरा चालते मले."

त्या उठल्या नाहीत. कागदाची नीट घडी घालून त्यांनी माझ्या हातात दिली. त्या रागावल्या असत्या तर मी भांडले असते, रडले असते, हटून बसले असते.

"राग नाही मनात," त्या म्हणाल्या. "पन आता येऊ नका, बाई. मंगळवारची वाट पाहाची सवय मोडून राहिली मी."