अंगठ्याची खोबण

किटलीच्या मुठीवरची ती खोबण – अंगठ्यापुरतीच, पण सरळ नव्हे, जराशी डावीकडे कललेली – आणि तिचा अंगठा तिथे असा जाऊन बसला, जसा काही कुणी धरून बसवला... तिने दचकून हात मागे घेतला. संग्रहालयातल्या वस्तूंना उघड्या हाताने शिवू नये, ही सूचना तिनेच लिहिलेली.

किटलीखालची पाटी दुपारी छपाईला जायची होती. घराघरांत पोचलेली किटली, आणि पाटीवर नाव एकच – तिचं चित्र काढणाऱ्या सरांचं. तिची मावशी सरांकडे त्या चित्रांवरून मातीचे नमुने करायची. 'सर रेघ मारतात गं, पण रेघेला धरून चहा ओतून दाखव!' असं म्हणून स्वतःच खिदळायची. मावशीचा अंगठा लहानपणी दारात चेंगरून वाकडा झाला होता. मूठ तिने आपल्या हाताला पटेल तशी वळली, आणि सरांनी ती तशीच ठेवली. मावशी गेली, तेव्हा त्या अंगठ्याचा विषयही कुणी काढला नाही.

"मावशींचं नाव घालायचं?" प्रमुखबाई म्हणाल्या. "घरचं माणूस, म्हणून तुला वाटतंय. पुरावा काय?"

बोलता बोलता त्यांनी चहाचा कप उचलला. अंगठा डावीकडे कलला. साधा कप, साधा कान – तरी कलला.

"काय बघतेयस?"

"काही नाही."

आपल्या टेबलाशी येऊन तिने स्वतःचा हात उजेडात धरला. माझा अंगठा तर सरळ होता... होता ना? कधीपासून वाकला हा? शेजारच्या टेबलावरच्याचा, जिन्यावर कठडा धरून उतरणाऱ्याचा अंगठाही तसाच कललेला – सगळ्या गावाला जणू मावशीने हळूच हाताला धरून वळवलं होतं, आणि कुणाला पत्ताच नाही.

तिने सरांचं नाव टाईप केलं. पुढे 'आणि' लिहिलं. छपाईवाल्याचा फोन वाजत राहिला; तिने तो उचलला नाही.

ती उठून दालनाकडे गेली. दालन रिकामं होतं. भर दुपारचं ऊन, काचा, खुर्च्या, दिवे, एक कात्री – प्रत्येकापुढे एकेक नाव. खुर्चीची पाठ कुणाच्या पाठीवरून घेतली असेल? कात्रीची कडी कुणाच्या बोटांवरून?... दारातच तिचं पाऊल अडखळलं. केवढी ही बिननावाच्या माणसांची गर्दी! आणि इतके दिवस आपण सरळ त्यांच्यातून चालत होतो... अंग चोरून, कुणाला धक्का लागू नये अशी, ती हळूहळू आत सरकू लागली.